दाभोशाच्या उतारावरचा बर्फ

जव्हार, १२ मार्च १९२८

शिमग्याचा रंग अजून कानामागे आहे, पण आजची नोंद टाळता येणार नाही. आयुष्य बदललं.

दरबारचे आप्त आबासाहेब परवा मुंबईहून परतले. तिथे क्लबात कुणा गोऱ्याने त्यांच्या डोक्यात स्वित्झर्लंड भरवून दिलं. सेंट मॉरिट्झ म्हणून थंडीचं मोठं ठिकाण आहे. मोठमोठी हॉटेलं, आणि माणसं पायांना फळ्या बांधून दिवसभर बर्फावरून घसरतात. डिसेंबरात जायचं नक्की. सगळा इंग्रजी पत्रव्यवहार मी करायचा. शेवटी म्हणाले, बरोबर एकच माणूस नेईन, तोही बर्फात उपयोगी पडेल असाच. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे त्यांचा हुजऱ्या चंद्रा बंदूक पुसत उभा होता. पण नजर माझ्यावरच होती.

दरबारच्या खासगी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या पत्रांच्या नकला काढण्यात केस पांढरे व्हायला लागले. आता पुरे.

संकल्प: उद्यापासून थंड पाण्याने आंघोळ.

१३ मार्च

थंड पाणी. शिंका. उद्यापासून कोमट, मग हळूहळू उतरवत न्यायचं. हेच शास्त्रीय.

१९ मार्च

कमूला सांगितलं. वाटलं होतं, हातातली पळी गळून पडेल. पळी जागेवरच. म्हणाली, समुद्र ओलांडून आलात तर माझे बाबा पंगतीला बसवतील का तुम्हाला? मी म्हटलं, काळ बदललाय. त्यावर म्हणाली, घसरायला एवढ्या लांब कशाला, श्रावणात आपलं अंगण काय वाईट असतं!

बायकोला नवऱ्याचं मोठेपण दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं. पोस्टमास्तरांना सांगितलं. वाण्याला सांगितलं. त्याने तिथली लवंग स्वस्त असते का, अशी चौकशी केली. आता माघार नाही.

२८ मार्च

चंद्रा काहीच करत नाही. सराव नाही, इंग्रजी नाही, काही नाही. आबासाहेबांचे बूट पुसतो आणि हसतो. मला याची धास्ती वाटते. माणूस इतका स्वस्थ असतो तेव्हा आतून काहीतरी शिजत असतं.

आबासाहेबांच्या इंग्रजी मासिकात घसरणाऱ्या गोऱ्याचं चित्र मिळालं. फळ्या लांब, पुढची टोकं वर वळलेली. तुका सुताराला चित्र दाखवलं. त्याने उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि ‘समजलं’ म्हणाला.

५ एप्रिल

फळ्या आल्या. सागाच्या, जाड, आणि दोन्हींना पुढे दोरासाठी भोकं. तुक्याने चिखलणीनंतर शेत सपाट करायला बैलांमागे लावतात तसल्या फळ्या केल्या आहेत. वर मलाच विचारतो, बैल कुठल्या बाजूने जुंपणार? रागावलो. मग विचार केला, दोर घालून पायाला बांधता येतील. भोकं कामाचीच निघाली. तुक्याला तसं सांगितलं नाही.

९ एप्रिल

सरावाला जागा हवी. सूर्यमाळ उंच, हवा गार, खरं तर तीच योग्य. पण ती इंग्रजी हद्द. मोखाड्याच्या कचेरीत अर्ज करावा लागेल, आणि अर्जात कारण काय लिहू? तेव्हा आपल्या हद्दीतलं दाभोसा. नदीच्या वरच्या अंगाला एक उघडा खडकाळ उतार आहे. बेताचा. खाली नदीचा कडा आहे, पण तिथवर जाण्याचं कारण नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ

त्या दिशेने बरंच गेलो. घसरत नव्हे, गडगडत. करवंदीच्या जाळीने वाचवलं. कोपर सोललं. सुकं गवत आडवं येतं आणि खडकावर फळी चालत नाही. दोष जागेचा आहे.

कमूने हळद लावली.

१७ एप्रिल

शोध लागला!

आज दाभोशाच्या पाड्यावर पाला साठवलेला पाहिला. सागाचा, ऐनाचा, वाळून कडकडीत, घरागणिक ढीग. एका ढिगाला वळसा घालताना पाय पडला आणि सुर्रकन् खाली आलो. काळी म्हणून एक म्हातारी दारात बसली होती, ती हसून हसून खोकली. हसू दे. लोण्यावरून घसरावं तसा अलगद घसरलो. पाला म्हणजेच बर्फ! फक्त रंग वेगळा.

संकल्प: उतारावर पाला अंथरायचा, फळ्यांना मोहाचं तेल चोळायचं, आणि आबासाहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं.

१८ एप्रिल

आबासाहेबांना म्हटलं, सरकार, दाभोशाला बर्फाची व्यवस्था करतोय. पान खाताना थांबले. म्हणाले, बर्फ? दाभोशाला? मी म्हटलं, तसाच. म्हणाले, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, तिथेच ठरवू कोण बरोबर येणार.

ठरवू, म्हणाले. म्हणजे अजून ठरलेलं नाही.

२३ एप्रिल

पाड्याचा म्होरक्या जिव्या. त्याला सांगितलं की सगळ्यांचा पाला वरच्या उतारावर आणून टाका. तो मला ‘तू’ म्हणतो. इथली माणसं दरबारालाही तूच म्हणतात, हे माहीत असूनही लागतं. म्हणाला, “आमचा पाला तुला कनाला रं? आमच्या राबाचा हाय तो.” राब म्हणजे यांची भाताची रोपं करायची जागा. त्यावर पाला जाळतात, मग पेरतात. मी म्हटलं, दरबारचा हुकूम आहे. हे तितकंसं खरं नाही, पण आबासाहेब येणारच आहेत, म्हणजे जवळजवळ हुकूमच.

जिव्याने उताराकडे पाहिलं. “त्या खडकावं?” म्हणाला. हो म्हटलं. मग बायकांकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला आणि त्या टोपल्या आणायला उठल्या. पोशी नावाची एक बाई तेवढी विचारत होती, आमच्या राबाला मग काय घालू? मी म्हटलं, दरबार बघून घेईल.

परत येताना मन लागेना. उन्हामुळे असेल.

२ मे

काम झकास चाललंय. माणसं मनापासून राबतायत, हे कबूल केलं पाहिजे. खाली शेण अंथरलं. मी म्हटलं, शेण कशाला? जिव्या म्हणाला, “बिनशेनाचा कसा लागल?” गोष्ट पटली. बर्फाखालीही काहीतरी असतंच. वर पाला, त्यावर गवत. मी एकच बजावलं: जाडी सगळीकडे सारखी पाहिजे. त्यांनी वरून बारीक माती भुरभुरवली. वाऱ्याने उडू नये म्हणून असणार. न सांगता एवढी काळजी! गरीब माणसांना आपुलकीने वागवलं की कामं होतात.

५ मे

उद्या. फळ्यांना तेल चोळलं. नवा कोट काढून ठेवला. कमूने आपणहून त्याचं बटण लावलं. म्हणाली, खाली कडा आहे म्हणे? मी म्हटलं, भितेस काय! तिने धागा दाताने तोडला आणि म्हणाली, मला भीती पडण्याची नाही वाटत, तुम्हाला न्यायचं नाही म्हणाले तर काय कराल, त्याची वाटते.

झोप येईल असं वाटत नाही.

६ मे, दुपार

थोडक्यात लिहितो.

पहाटे निघालो. दाभोशाच्या अलीकडेच धूर दिसला. वर गेलो तर अख्खा उतार काळा. जिव्या हातात ओली डहाळी घेऊन कडेकडेने जाळ आवरत होता. मी ओरडलो, हे काय केलंत? त्याला माझ्या ओरडण्याचा अर्थच कळेना. म्हणाला, “राब टाकलास, मंग जालाय नको? वारा पडला तवा भाजला. बेस भाजलाय बग.” अंथरलेला पाला जाळायचा नसतो, अशी शक्यता त्या पाड्यात कुणाच्याही मनात आली नव्हती. शेण, पाला, गवत, माती. सगळं रीतसर. मीच रोज उभा राहून करून घेतलं.

तेवढ्यात आबासाहेब आले, मागे चंद्रा. आबासाहेबांनी विचारलं, बर्फ कुठाय?

मी म्हटलं, सरकार, राखही मऊच असते. आणि फळ्या बांधल्या. कुणीतरी अडवायला हवं होतं.

सुरुवात उत्तम झाली. चार-पाच हात मी खरोखर घसरलो, हे लिहून ठेवतो. मग ढेकूळ आलं. मी आडवा, फळ्या उभ्या, आणि राखेतून थेट कड्याकडे. तेल लावलेली डावी फळी धुमसायला लागली होती. वर आरडाओरडा. मला फक्त नदीचा आवाज ऐकू येत होता. खरंच भ्यालो.

चंद्राने धरलं. अनवाणी, गरम राखेतून धावत आला. मला पाठीवर घातलं आणि चढून वर आणलं. तळपाय भाजले त्याचे. “लागलं नाय ना, मधुभाऊ?” एवढंच विचारलं.

आबासाहेब डोळे पुसत होते, हसून. मग म्हणाले, मधु, मला तिथे घसरणारा कशाला हवा? घसरायला मी आहे. घसरलेल्याला उचलणारा हवा. आणि चंद्राच्या खांद्यावर हात ठेवला.

मग पोशी पुढे आली. आमचा पाला खडकावर जळला, म्हणाली, आता पेरू कशात? आबासाहेबांचं हसू गेलं. कुणाचा हुकूम होता, म्हणून विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मृगाच्या आत पाड्याचा सगळा पाला भरून द्यायचा, मी, स्वतः, डोक्यावरून वाहून.

८ मे

शेतीच्या जबाबदारीचं काम आबासाहेबांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवलं, असं कचेरीत सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. वाण्यानेही नाही.

१६ मे

जवळचं रान ओरबाडून झालं. पाला फार लांबून आणावा लागतो. भारा बांधला की सुटतो. काळी म्हातारी दारातून सांगते, आवळ, आवळ. मानेला ओढ बसली आहे. कमू भाकरी बांधून देते. पोशी त्या भाकरीतली अर्धी मागून घेते आणि चटणी देते.

२९ मे

ढग आले. आणखी दोन राब बाकी. डोक्यावर मोठा भारा, फांद्या खांद्याखालपर्यंत, पुढचं दोन पावलांपलीकडे दिसत नव्हतं. पाड्याच्या वाटेवर मागून मोटार आली. कडेला झालो. मोटार थांबली.

आबासाहेबांचा आवाज, चंद्राशी बोलताना. मुंबईला निघाले होते, चंद्राला गरम कोट शिवायला. बोटीच्या कंपनीला बरोबरच्या माणसाचं नाव इंग्रजीत कळवायचं राहिलं होतं, ते लिहून घ्यायला एवढा वळसा घालून आले होते. मला म्हणाले, काय रे, आमचा मधु कारकून कुठे दिसला का?

पाल्याआडून त्यांना मी ओळखू आलो नाही.

मी म्हटलं, “नाय दिसला, सरकार.”

मोटार गेली. भारा नीट केला आणि पोशीच्या राबाकडे चालू लागलो.