कडेची ओळ

९ ऑक्टोबर

आलो एकदाचा! हा नको तिथे नाक खुपसतो म्हणून ताई लहानपणापासून माझ्यावर ओरडत आली. आता त्याच नाकाचा पगार मिळणार. भाताच्या संशोधन केंद्रात वास ओळखायची नोकरी!

इथल्या शास्त्रज्ञ मॅडमनी शेत दाखवलं. सुवासिक भात नाजूक, त्याला करपा लगेच धरतो. पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी डाग पडतात आणि पीक जळाल्यासारखं होतं. दणकट भात करप्याला दाद देत नाही, पण त्याला वासच नसतो. दोघांचा संकर करून, सुवासिक आणि दणकट असं एखादं रोप हाती लागतंय का, ते शोधायचं. गंमत म्हणजे वाफ्यांच्या कडेने मुद्दाम एक दुबळी जात लावतात. तिला आधी रोग धरतो, तिच्यावरून तो सगळीकडे पसरतो, मग कोण टिकतं ते कळतं. तिला इथे नुसतं ‘कडेची ओळ’ म्हणतात. मला बिचारीची दयाच आली.

खोली शेताला लागूनच आहे. खाट, टेबल, आणि कडी मोडलेली मागची खिडकी. सुतार येईल म्हणाले. माझी लेक चिमणी इथे असती तर दार सोडून त्या खिडकीतूनच आली-गेली असती, माकडीण कुठली! तिची आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्याशिवाय राहतेय, ताईकडे. सुट्टी लागली की दोघी येणार आहेत. निघताना पोरीने आपला स्वेटर माझ्या पिशवीत कोंबला.

१५ ऑक्टोबर

कामात हात बसला. एकेका रोपाचा दाणा सोलायचा, चावायचा, वास जोखायचा, थुंकायचा, चूळ भरायची. गिळायचा मात्र नाही. मॅडमची तशी सक्त ताकीद आहे.

संध्याकाळच्या गाडीने सगळे घरी जातात. मग मी आणि किटली. काल तिलाच विचारलं, घेतेस का अर्धा कप? स्वतःशीच हसलो, आणि मग फार एकटं वाटलं. अशा वेळी स्वेटर नाकाशी धरतो. खडूचा, तेलाचा, थोडा घामाचा वास. माझ्या चिमणीचा.

२३ ऑक्टोबर

सापडलं! कोपऱ्यातल्या वाफ्यात. आजूबाजूची सगळी रोपं जळून गेलेली आणि मध्ये हे एकटं हिरवंगार, पानावर एक डाग नाही. दाणा चावला. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. कुणीतरी जवळ घ्यावं तसं वाटलं. थुंकायचं भान राहिलं नाही, गिळून बसलो.

गिळल्याचं मॅडमना बोललो नाही. एका दाण्याने काय होतंय!

२५ ऑक्टोबर

मॅडमनी त्या रोपाचे दाणे चावून पाहिले, थुंकले. म्हणाल्या, याला तर कसलाच वास नाही, तुमचं नाक थकलंय. मग माझ्याजवळ येऊन थांबल्या. विचारलं, अत्तर कुठलं लावता हो? मी अत्तर लावत नाही. संध्याकाळच्या गाडीचा ड्रायव्हरही आज माझ्या बाजूलाच येऊन बसला होता. कुणी इतकं जवळ आल्याला फार दिवस झाले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२८ ऑक्टोबर

चहाला वास नाही. साबणाला नाही. स्वेटर तोंडावर दाबून धरला, त्यातही तो भाताचाच वास. चिमणीचा वास गेला. रडलो.

मॅडम रजेवर आहेत. मानेवर डाग उठलेत म्हणे. ड्रायव्हरच्या हातावर पाहिले मी ते. डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी.

३० ऑक्टोबर

आरशात सगळं अंग तपासलं. एकही डाग नाही. तब्येत अशी ठणठणीत कधी नव्हती.

त्या वाफ्यात पुन्हा जाऊन आलो. त्या हिरव्या रोपाला चिकटून असलेली रोपं सगळ्यात जास्त जळालीत. जितकं जवळ तितकं काळं.

ड्रायव्हर गेला. माझ्याजवळ बसला होता, आणखी काही नाही —

म्हणजे ते रोप आता मी. आणि जो जवळ येईल तो कडेच्या ओळीतला.

३१ ऑक्टोबर

ताईला फोन केला. येऊ नका म्हटलं, इथे साथ आहे, माणसं मरताहेत. ती घाबरली. म्हणाली, तू तिथे एकटा आणि मी घरी बसू? न्यायला येतेय. चिमणी तर चपला घालून दारात उभी आहे म्हणे.

नको म्हणून किंचाळलो. तोवर तिने फोन ठेवला होता. पुन्हा लावतोय. उचलत नाही —

१ नोव्हेंबर

दाराला आतून कुलूप घातलं, खाट आडवी लावली. दाराखालच्या फटीत स्वेटर कोंबला.

आल्या.

ताई दार ठोठावतेय. जा म्हणतोय, परत जा, ताई, पाया पडतो — ऐकत नाही. तिला वाटतंय माझं डोकं फिरलंय.

चिमणी फटीशी वाकलीय. म्हणतेय, बाबा, आत किती छान वास येतोय —

तिला किती दिवसांत पाहिलं नाही. नाही. दार उघडणार नाही.

ठोठावणं थांबलं. ताई तिला हाका मारतेय. कुठे गेलीस म्हणतेय —

मागची खिडकी. कडी —

चिमणे, नको, तिथेच थांब, बाबाच्या जवळ ये