दोन दिवसांची अनुपमा मोरे

महाड,
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय अंकिता,

नमस्कार. तू बरी असशील. तुझ्या आई-बाबांनाही माझा नमस्कार सांग, मी कोण ते त्यांना माहीत असेल तर. इकडे सगळं ठीक आहे. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, दर रविवारी ती सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन येते. परीक्षेचं वेळापत्रक लागलंय. तुझ्यासाठी फोटो काढला, पण पाठवू कसा? तू मला ब्लॉक केलं आहेस. म्हणून हे पत्र. तू बोरिवलीला आई-बाबांकडे निघून गेलीस, तिथला पत्ता आपल्या वर्गातल्या रेश्मानं दिला. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड, मीही तुझ्यावर चिडलेलीच आहे.

तुझ्या घरी जाऊन काय केलं ते मी कळवलं, त्यावर ब्लॉक करण्याआधी तू एकच ओळ पाठवलीस, "माझ्या घरी जाऊन तू असं का केलंस?" प्रश्न विचारायचा आणि उत्तराचं दार लावून घ्यायचं, ही तुझी जुनी सवय. आज उत्तर ऐकावंच लागेल. फाडून टाकायचं असेल तर निदान वाचून फाड.

२९ तारखेचं सगळं तुला आठवत असेलच, तरी मला कसं आठवतं ते ऐक. कॉलेजचा संगणक कक्ष, पडद्यावर नॉर्वेचे सात विद्यार्थी, विषय ‘सांस्कृतिक ओळख आणि आंतरराष्ट्रीय कायदा’. त्यांच्यातली मारित पहिली बोलली. ती सामी, उत्तरेकडे रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतली. तिच्या आजीला शाळेत स्वतःच्या भाषेत बोलली म्हणून शिक्षा व्हायची. त्यांच्या कुरणात पवनचक्क्या उभ्या केल्या, तेव्हा तिचे लोक आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कोर्टात गेले आणि जिंकले. "जिंकलो, पण पाती फिरतच राहिली," असं ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला ओळखीचं वाटलं.

माझ्यापुढे चार पानं होती. महिनाभर खपून लिहिलेली, तुझ्याच शेजारी बसून. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या करारात जन्मानं मिळालेल्या कुळाबद्दल एक शब्द आहे. त्यात जात येते असं संयुक्त राष्ट्रांची समिती म्हणते, येत नाही असं आपलं सरकार म्हणतं. एका शब्दावरून इतकी वर्षं भांडण चाललंय, हे मला केवढं भारी वाटलं होतं! आणि त्या सकाळी राजेश सर काय म्हणाले? "आम्रपाली, कायदा सांग. स्वतःचं काही सांगू नकोस. बाहेरच्या लोकांपुढे बसायचंय." मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान डोलावलीस. माझ्याकडे बघून नाही, सरांकडे बघून.

मी कायदा सांगितला. मग मारितनं विचारलं, "कागदावरचं कळलं. पण तुमच्या गावात आज कसं आहे?"

प्रश्न मला होता, अंकिता. माईक तू ओढलास.

"आमच्याकडे आता तसं काही उरलेलं नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण त्याच समाजाची आहे. ही बघा. आमच्या गावी दोन दिवस राहून गेलीय, माझ्या काकूच्या हातचं जेवलीय." आणि खांद्यावर हात टाकलास. मारितनं माझं नाव घेऊन विचारलं, "असंच आहे का?"

आठ दिवस मी सगळ्यांना सांगत होते की अंकिता खोटं बोलली, सरांनी माझं तोंड बंद केलं, देशाच्या अब्रूच्या नावाखाली मला शोभेला बसवलं. ते खरंच आहे. पण मी काय बोलले, ते कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

मी "हो" म्हणाले. हसून म्हणाले.

जिन्यात तू माझा हात दाबलास. "थँक्स गं, वाचवलंस." तिथे माझं डोकं फिरलं. कुणाला वाचवलं मी? तुला? तुझ्या गावाला? त्या ‘हो’मध्ये माझं काय उरलं?

तुझ्या घरी कोण राहून गेलं ते तुला आणि मलाच ठाऊक होतं. गेल्या शिमग्याला एसटी पोलादपूरच्या स्टँडवर लागेपर्यंत तू गप्प होतीस. उतरल्यावर म्हणालीस, "एक सांगू? रागावू नको. घरात पालखी येते, काकू जुन्या वळणाची आहे. दोन दिवस तू अनुपमा हो. अनुपमा मोरे." मी तिथूनच परतीची गाडी धरायला हवी होती. मी म्हणाले, "बरं."

आणि मी ती झाले. त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. मला ते आवडलं. साळूकाकूंनी माझ्या केसांना तेल लावलं, चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढली. पालखी दारात आली तेव्हा ताट माझ्या हातात दिलं, "अनुपमा, तू पन ओवाळ गो." कुणीही माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही. असं नुसतं माणूस असणं किती सोपं असतं, ते मला त्या दोन दिवसांत कळलं. तू ते जन्मभर वापरतेस, म्हणून तुला कळत नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, "चांगली माणसं आहेत ना?" मी म्हणाले, "खूप." माझं नाव आजोबांनी ठेवलेलं आहे, अंकिता. ते मी एका भाकरीसाठी स्टँडवर ठेवून गेले होते.

म्हणून एक तारखेला, रविवारी, मी तुझ्या गावी गेले. तुला न विचारता. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालताना तीनदा मागे वळावंसं वाटलं.

काकू अंगणात वाल निवडत होत्या. मला बघून त्यांचं तोंड फुललं. "अनुपमा! एकटीच आलीस? बस गो."

मी बसले नाही. म्हणाले, "काकू, मी अनुपमा नाही. मोरेही नाही. माझं नाव आम्रपाली हाटे. आम्ही बौद्ध."

सूप त्यांच्या मांडीवरच राहिलं. त्यांनी विचारलं, "अंकीला म्हायत व्हतं?"

"तिनंच नाव दिलं होतं. मी घेतलं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील, अंगण शिंपडतील, देवाचं नाव घेऊन रडतील. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते, उत्तरं पाठ होती. त्या चिडल्या, पण भलत्याच गोष्टीवर. "दोघी पोरींनी मिळून मला येडी ठरवलीव? माज्या घरात, माज्या चुलीम्होरं खोटं बोललीव? मला इचारायचं तरी व्हतं!"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता, काकू?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ठावं नाय."

एवढंच. त्या संगणक कक्षात दोन तासांत कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. ना सर, ना तू, ना मी.

आता तू म्हणशील, मग झालं की गोड. नाही झालं. त्यांनी मला आत बोलावलं नाही. पाणी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा उठल्या आणि फाट्यापर्यंत माझ्यासोबत आल्या, दोन पावलं पुढे चालत. गाडी दिसल्यावर एवढंच म्हणाल्या, "अंकीला सांग, काकूनं बोलावलीय. फोनवर नको. म्होरं येऊन बोल म्हनावं." मला ‘परत ये’ म्हणाल्या नाहीत. ‘येऊ नको’ असंही म्हणाल्या नाहीत. मी गाडीत बसून महाड येईपर्यंत रडले, आणि ते रागानं होतं की कशानं, मला अजून सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी मारितला लिहिलं की माझं उत्तर खोटं होतं. तिनं उत्तरात लिहिलं, तिची आई आयुष्यभर गावच्या दुकानात आपल्याला सामी भाषा येत नाही असंच सांगत आली. पुढची बैठक २० तारखेला आहे. मला त्या दिवशी बोलायचंय, असं सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तो विषय संपला." मी म्हणाले, "माझा नाही संपला, सर." त्यांनी यादीत नाव घेतलेलं नाही. तरी मी जाऊन बसणार आहे आणि माईक ओढणार आहे. तुझं नाव घेणार नाही, तुझ्या गावाचंही नाही. मी स्वतः काय केलं तेवढंच सांगणार आहे.

तू ये किंवा येऊ नकोस. आलीस तर शेजारी बस, पण खांद्यावर हात टाकू नकोस. आणि ‘मी तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे वाक्य माझ्यापुढे कधी उच्चारू नकोस. माझं भलं काय, ते त्या स्टँडवर तू मला विचारलं नव्हतंस.

त्याआधी काकूंकडे जा. त्या तुझी वाट बघतायत, आणि त्यांच्यापुढे उभं राहणं माझ्यापुढे उभं राहण्यापेक्षा तुला जड जाणार आहे. जा तरीही.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि दुसऱ्या कुणावर इतकं रागावता येत नाही म्हणून तुलाच लिहिणारी,

आम्रपाली