धाकटीचा होकार

४ जून, सकाळ
आजपासून दारू बंद. नवी नोकरी, नवा माणूस. व्यसनी बायकांनी मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं की आमची संस्था रोख पैसे देते. मी क्षेत्र समन्वयक. साहेब म्हणाले, आपण सक्ती करत नाही, पर्याय देतो. ऐकून भरून आलं.

४ जून, संध्याकाळ
भरून आल्यामुळे थोडी घेतली. उद्यापासून बंद.

१३ जून, सकाळ
एकही बाई तयार नाही. एकीने चप्पल काढली. महिनाअखेर एक तरी केस आणा, नाहीतर घरी बसा, असं साहेब म्हणाले. नोकरी गेली तर माहेरी गेलेली बायको परत येणं विसराच.
पण केससाठी वणवण कशाला? धाकटी बहीण मागच्या खोलीतच पडलेली असते. गर्दची पावडर ओढते. घरातला मिक्सर, इस्त्री, बायकोचं शिलाई मशीन, सगळं विकून खाल्लं. (मशीन मी विकलं. पण वळण तिनेच लावलं.)
चहा नेऊन विषय काढला. शांतपणे ऐकून नाही म्हणाली. "मी बरी होणार आहे, दादा. मला मूल हवंय."
व्यसनी माणसं स्वतःला किती फसवतात.

२० जून, सकाळ
पुन्हा नाही. उशीखाली बाळाचं टोपडं ठेवलंय. तेवढं विकलेलं नाही.

२४ जून, संध्याकाळ
पावडरवाल्याने उधारी बंद केली. धाकटी दुपारपासून थरथरत होती, अंथरूण घामाने भिजलं होतं. स्वतःहून म्हणाली, "पैसे आजच मिळतील ना? मग चल." सक्ती नाही, काही नाही. मी दोन घोट घेतले आणि तिला घेऊन गेलो.
आज काही घेतलंय का, डॉक्टरांनी विचारलं. कणभरही नाही, मी अभिमानाने सांगितलं. म्हणजे पूर्ण शुद्धीत. तीनदा हो म्हणाली. ऑपरेशन लगेच झालं.

२९ जून, संध्याकाळ
पैसे संपले. पावडरमध्येच. तिचे पैसे, आपण कोण बोलणार? साहेबांनी पाठ थोपटली, त्या आनंदात घेतली. टोपडं कचऱ्याच्या डब्यात दिसलं. काढून धुऊन ठेवलं. का, ते ठाऊक नाही.

११ फेब्रुवारी, सकाळ
धाकटी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आली. गाल भरलेत. आता पावडरचं नाव नाही. आल्या आल्या डॉक्टरांना फोन केला, ऑपरेशन उलटवता येईल का म्हणून. भरवसा धरू नका, म्हणाले. फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला बघवेना.
संध्याकाळी तिला नीट समजावणार, की हो तीच म्हणाली होती. मुद्दे तयार आहेत. दारू सोडल्याचंही सांगून टाकलं, तेवढाच तिला धीर.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुद्द्यांची वेळच आली नाही. तिने माझ्या हातातला ग्लास पाहिला. चिडली नाही.
"सकाळी सोडली म्हणालास, आता पितोयस. तुझं कुठलं बोलणं खरं धरायचं, दादा?"
सकाळचं, मी म्हणालो. लगेच.
"मग माझं त्या संध्याकाळचं 'हो' का धरलंस?"
टोपडं द्यायला काढलं होतं. खिशातच राहिलं.
उद्यापासून बंद. पण हे संध्याकाळी लिहितोय. खरं धरू नये.