तुळसाकाकीची हजेरी

कोळसुली, ता. मालवण
शनिवार, दुपार

प्रिय निल्या,

गेल्या तीन आठवड्यांत तुझे सहा फोन आले. सहाही वेळा मी मोबाईल पालथा घातला आणि तासाभराने ‘रेंज नव्हती’ असा मेसेज टाकला. रेंज होती. मागच्या पडवीत बसून तुझं नाव लुकलुकताना मी बघत होतो. तू म्हणशील, आता हे पत्र कसलं, शाळेतल्यासारखं? पण फोनवर तू एक शिवी दिलीस की मी दोन देणार, मग तू फोन ठेवणार आणि सांगायचं ते राहणार. आपलं आजवर असंच झालंय. कागदाला मधेच तोडता येत नाही. वाचून झाल्यावर फाड, पण अर्ध्यावर फाडू नकोस.

आधी घरचं सांगतो. तुमचं घर दर सोमवारी उघडतो, झाडतो, दिवा लावतो. न्हाणीच्या बाजूची दोन कौलं फुटली होती, ती बदलली. तुझ्या आईची, काकीची तांबू आमच्या गोठ्यात रुळली. गाभण आहे, दिवाळीच्या आसपास विणार असं बापू म्हणतात. लावणी आटपली. आणि वर सड्याच्या पठारावर आता निळी फुलं आली आहेत, कातळावर पाणी साचल्यासारखी. काकी असती तर एव्हाना गुरं घेऊन वर गेली असती, आणि संध्याकाळी येताना कनवटीला कसला तरी पाला असता.

तू गोव्यात कंपनीच्या शिफ्टमध्ये, त्यामुळे तुला सगळं तुकड्यातुकड्याने आणि ज्याच्या त्याच्या तोंडून कळलंय. म्हणून पहिल्यापासून सांगतो. चिरेखाणवाल्याला आपला सडा हवा आहे हे तुला माहीत आहे. सडा संवर्धन राखीव व्हावा, म्हणजे तिथे चिरे कापायचा कटर लागणार नाही, यासाठी गौरजाने वर्षभर कागद जमवले. गुरुजींची गौरजा, एम.एस्सी. करून आलेली, शहरातली नोकरी सोडून इथे पंचायतीच्या जैवविविधता समितीचं बिनपगारी काम करते म्हणून गावाने तिला आधी वेडी ठरवलं आणि मग लोक तिच्याकडे रेशनकार्डाचे अर्जही लिहून घ्यायला नेऊ लागले. राखीवचा प्रस्ताव पुढे जायला ग्रामसभेचा ठराव लागत होता. बाकी सगळं झालं होतं.

आता एक खोटं इथेच मोडून टाकतो. मी कॉलेज सोडलं ते चळवळीसाठी, असं मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं. तसं नाही. दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीला घरी आलो, तांबूच्या मागे सड्यावर चढलो, तर गौरजा कातळावर पालथी पडून भिंगातून फूल बघत होती. केसाला चिखल. मला म्हणाली, “पाय बघून ठेव, तू एका गावावर उभा आहेस.” मी खाली बघितलं तर नखाएवढी शंभर एक फुलं. मी परत कणकवलीला गेलोच नाही. तू तेव्हा विचारलंस, “चंदन्या, फुलां मोजतस काय बाय बघतस?” आणि मी तुझ्यावर चिडून दोन महिने बोललो नाही. तू बरोबर होतास म्हणूनच चिडलो होतो.

गौरजाच्या वहीतली फुलापाल्यांची निम्मी नावं काकीने सांगितलेली आहेत. तुमच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत काकी सांगायची, गौरजा लिहायची, मी उगाच बसलेला असायचो. गौरजा म्हणाली, माहिती दिली त्याने वहीत सही करायची, अंगठा चालणार नाही. काकी हसून हसून लाल. “आंगठो काय वायट आसा गो चेडवा? ह्या वयात माका शाळेत घालतस?” पण शिकली. पाटीवर गौरजा काढून द्यायची आणि काकीचं मनगट मी धरायचो, कारण पेन्सिल तिच्या हातात कोयतीसारखी घट्ट व्हायची. महिनाभरात ती स्वतः सही करायला लागली. ‘तुळसा’ लिहून झाल्यावर प्रत्येक वेळी खाली एक रेघ, आणि मग पदराला बोटं पुसायची, जणू शेण थापून उठली. आजारी पडल्यावरही सड्याचा आणि विहिरीचा एकच घोष, “सडो फोडलास तर बाव आटतली. माका उचलून न्हेवा, पण सभेक न्हेवा.”

माघात ती गेली. दहाव्याला व्हाळाच्या काठी आपण तासभर उभे होतो, आठवतं? कावळा शिवेना. तू म्हणालास घर विकणार नाही, नाही. तांबूला कसायाच्या दारात जाऊ देणार नाही, तरी नाही. मग माझ्या तोंडून निघालं, “काकी, सड्याक हात लावूक देवचंव नाय. ठराव करतलंव.” वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. त्या दिवसापासून मी स्वतःला कोणीतरी मोठा समजायला लागलो, निल्या. कावळा भुकेला असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ग्रामसभा सरपंचांनी मुद्दाम ऐन लावणीत लावली. माणसं चिखलात, निम्मा गाव मुंबईत. गणपूर्तीला शंभर हवे होते. मी मोटरसायकलवरून शेताशेतात हिंडलो, चिखलाच्या पायांनी माणसं आणून शाळेच्या वर्गात बसवली, प्रत्येकाला दरडावून वहीत सही करायला लावली. साडेअकराला वहीत अठ्ठ्याऐंशी. त्यापुढे सरकेना. सरपंच भाई घड्याळ बघायला लागले. मी आवाज चढवला, तर ते म्हणाले, “कॉलेजातसून पळालस, नि आता हय आमची परीक्षा घेतस?” वर्ग हसला. आणि गौरजाही हसली. थोडीशीच, ओठातल्या ओठात, पण मी बघितलं. मग ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “तहकूब होऊ दे, चंदन. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आठवड्याने घेऊ, घाई नको.” मला ते भित्रेपणाचं वाटलं. आठवडा! मला तिच्यासमोर त्याच दिवशी जिंकायचं होतं. ती पाणी प्यायला बाहेर गेली. हजेरीवही तिच्या ताब्यातली, मतदार यादीतली सगळी नावं आधीच छापलेली, टेबलावर उघडी. बारा वाजता वहीत शंभर झाले. गर्दीत कोणी मोजलं नाही की कोण आलं. ठराव झाला, टाळ्या झाल्या. गौरजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्यामुळे आलं म्हणून मी सड्यावर जाऊन एकटाच ओरडलो.

पुढचं तुला पेपरातून कळलं. खाणवाल्याने हरकत घेतली, वहीची नक्कल काढली. पंचायतीत नावं वाचून पडताळणी झाली. अकरा जण त्या दिवशी मुंबईत. आणि बारावी तुळसाकाकी, जिचं नाव मतदार यादीतून अजून कमी झालेलं नाही. “हांच्या सभेक मेलेली माणसां पण येतत!” खाणवाल्याचा माणूस म्हणाला आणि लोक हसले, आपलेच लोक. वाचता वाचता ग्रामसेवक माझ्या नावाशी आले, थांबले. माझी सहीच नव्हती. सगळ्यांना दटावून सह्या करायला लावल्या आणि माझी स्वतःची राहून गेली होती. भाई म्हणाले, “सगळ्यात मोठो आवाज करणारोच गैरहजर!” पुन्हा हशा. मीही हसलो. कारण तेवढ्यात मला कळलं होतं की कागदावर मी त्या सभेला नव्हतोच. माझ्यावर कोणाचा संशय जाणार नव्हता.

संशय गौरजावर गेला. वही तिची, काकीला सही शिकवलेली तिने. ठराव रद्द, तिला नोटीस; सोमवारी तालुक्याला सुनावणी आहे, समितीतून काढतील आणि पोलिसांत देतील असं भाई उघड बोलतात. गुरुजी देवळात जायचे बंद झालेत. ज्या दिवशी पडताळणी झाली त्या संध्याकाळी तिने मला वही दाखवली. काकीच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, “हे कोणी केलं असेल?” मी म्हणालो, “माका काय म्हायत?” ती वही मिटून घरी गेली.

आणि त्याच रात्री तुझा फोन. तुझा आवाज फाटलेला होता. “माझ्या आवशीक मेल्यावर पण सोडूक नाय. त्या गौरजानच केल्यान मां?” मी बोललो, “आसतला.” एवढंच. एक शब्द. त्या शब्दावर तू गावच्या ग्रुपवर तो आवाजी मेसेज टाकलास, तिच्या शिक्षणाचा, तिच्या आईबापाचा उद्धार करणारा. तो घराघरात वाजला. मी माझ्या पडवीत बसून तो तीनदा ऐकला आणि त्याखाली काहीच लिहिलं नाही.

निल्या, काकीची सही मी केली. बाराही मीच केल्या. अकरा घाईत खरडल्या, बारावी सावकाश केली. मला वाटलं, तिला सभेला न्यायचा शब्द मी पाळतोय. मनगट आठवलं, खाली रेघही मारली. बोटं शर्टाला पुसली. आणि याहून वाईट सांगू? अठ्ठ्याऐंशीत मी नव्हतो. माझी सही मी केली असती तर एकोणनव्वद होते, अकरात काम भागलं असतं. काकीचं नाव लागतच नव्हतं. मी तिला उगाच उठवलं. हे मला पडताळणीच्या दिवशी हसता हसता लक्षात आलं आणि तेव्हापासून मला तुमच्या घरात दिवा लावताना मान वर करता येत नाही.

काल गौरजाकडे गेलो. उघडीप बघून अंगणात ती पापड उलटत होती. मी बोललो सगळं, एका दमात. वाटलं होतं ओरडेल, मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. काकीचं मनगट तूच धरायचास. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते.” मी विचारलं, मग माझं नाव का नाही घेतलंस? म्हणाली, “मी घेतलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं.” मग पापडाचं सूप उचललं आणि जाता जाता म्हणाली, “आणि मला काय सांगतोस? जिचं नाव घेतलंस तिच्या मुलाला सांग आधी. साहेबांच्या अगोदर.” जे तिला वर्षभर सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. आता ते सांगायला माझ्याकडे तोंड नाही, आणि तिला ऐकायला वेळ नाही. बापूंना सकाळी सांगितलं; ते उठून तांबूला पाणी दाखवायला गेले.

तर हे पत्र त्यासाठी. उद्या पहाटे मासळीची गाडी मडगावला जाते, तिच्या ड्रायव्हरकडे देतोय, म्हणजे सोमवारच्या आधी तुझ्या हातात पडेल. सोमवारी मी सुनावणीला लेखी जबाब देणार आहे. गुन्हा दाखल झाला तर होऊ दे. ग्रुपवरचा मेसेज काढ असं मी तुला सांगणार नाही. ते तुझं तू बघ. पण पुढच्या रविवारी दहा वाजता नवी ग्रामसभा आहे आणि गौरजा म्हणते, या वेळी तहकुबीची पळवाट नको, शंभर माणसं खरी बसली पाहिजेत. तीन दिवस मी दारोदार फिरतोय. काही जण दार उघडतात, काही ‘परत सभा?’ म्हणत आतूनच बोलतात. काल रात्री मोजली, त्र्याण्णव होतात, माझ्यासकट. यादीत काकीच्या नावाच्या लगेच खाली तुझं नाव आहे. त्या दिवशी बारा सह्या ठोकताना मी तुझ्या नावापाशी थांबलो होतो आणि पुढे गेलो होतो, कारण तू कळल्यावर माझं थोबाड फोडशील अशी भीती वाटली. काकीची भीती वाटली नाही, ती फोडणार नव्हती. सीमेवरच्या इन्सुली नाक्यापर्यंत ये, तिथून मी गाडीवर आणतो. माझ्या मागे बसायचं नसेल तर एसटी आहे. आईचं नाव कमी करायचा अर्जही घरच्याच माणसाने द्यावा लागतो, तो मी कोरा आणून तुमच्या देव्हाऱ्यात ठेवलाय. शाळेच्या दारात मी उभा असेन. आधी काय मारायचं ते मला मार. मग आत जा, आणि तुझ्या नावापुढे तूच सही कर.

खाली स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने,
तुझाच
चंदन