आमची चिमणी लाल पोशाखात

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. कान मोडले तरी मान अजून मोठ्यांपुढे वाकते, म्हणून नमस्कार आधी आणि बोंब नंतर.

पत्रास कारण की, ऑलिंपिकच्या समितीने कुस्ती काढून टाकायची शिफारस केली आहे. शेवटचं मतदान सप्टेंबरात, पण या मंडळींची शिफारस म्हणजे काय ते तू जाणतेस. कारण काय, तर म्हणे प्रेक्षकांना कळत नाही, गुण कुणाला का मिळाले ते समजत नाही. माणूस कपडे घालायला शिकला त्याच्या आधीपासून जो खेळ खेळतोय तो कळत नाही! घोड्याला बँडच्या तालावर तिरकं चालवतात ते मात्र सगळ्यांना कळतं. त्या घोड्याला तरी कळतं का, हे एकदा विचारा म्हणावं.

हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली आहेत. सरावासाठी आमच्याकडे कापसाचा बाहुला आहे, त्याच्या छातीवर तुझ्या चिमणीने खडूने ‘समिती’ असं लिहिलं आणि त्याला इतकं आपटलं की शिवण उसवली. दीड वर्षापूर्वी तुझ्याकडून आली तेव्हा मी तिला उचलून बाजूला ठेवू शकत होतो. आता ती मला कपाटासारखा सरकवते. तिच्या वजनगटात तिच्यासमोर उभं राहील अशी मुलगी मला तरी दिसत नाही. ती ऑलिंपिकला जाणार यात मला शंका नव्हती. ऑलिंपिकच जागेवर राहणार नाही हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तिला लिहिशील तेव्हा तुझ्या चष्म्याच्या दुकानाची टेप लावू नकोस, एवढंच सांगायचं आहे. तुझा लोभ आहे तो राहू दे, त्याच्यावर तरी मतदान नको.

तुझा गोट्या
(हॉलमध्ये मला ‘कोच सर’ म्हणतात, हे तुझ्या लक्षात राहत नाही.)

११ मार्च

चि. गोट्यास,
अ. आ. वर ‘कोच सर’ लिहिणार होते, पण तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, हात वळेना.

बातमी वाचली आणि मला आनंद झाला. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? दोन धडधाकट माणसं एकमेकांच्या काखेत डोकं खुपसून उभी राहतात, तिसरा शिट्टी फुंकतो, आणि यासाठी देशोदेशीचे लोक झेंडे घेऊन जमतात. समितीला उशिरा का होईना, अक्कल आली.

चिमणी निघाली तेव्हा आमचं ठरलं होतं, ऑलिंपिक होईपर्यंत ती तुझी, मग दुकानाची. ऑलिंपिकात कुस्तीच नसेल तर ती कशासाठी थांबणार? डोळे तपासायचा कोर्स तिने पुरा केलाय, तपासणीची खोली तिच्यासाठी नवी करून घेतलीय. मी एकटी किती दिवस लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणत बसू? तिने शब्द दिलाय, आणि माझी लेक शब्द मोडणारी नाही. मतदान विरुद्ध गेलं की ती घरी.

आणि कानाचं विसरलास का? मागच्या खेपेला आली तेव्हा डावा कान दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. अख्ख्या गावाला चष्मे बसवून देणारी मी, माझ्याच पोरीच्या कानावर काडी बसेना. त्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन मी रडले, तिला सांगू नकोस. तिची एकही कुस्ती मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. लेकीला कुणी आपटताना बघायला माझं काळीज दगडाचं नाही.

बाकी क्षेम. पथ्य सांभाळ, पोट कमी कर, आणि असाच राग येत राहो, तेवढंच तुझं पत्र येतं.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. या वेळी नमस्कार खरोखर लोटांगणाचा आहे, कारण काम अडलं आहे.

समितीने एक पाहुणे फिरतीवर पाठवले आहेत. उंच, सडपातळ, कायम छत्री जवळ बाळगणारे गृहस्थ. ते निरनिराळ्या हॉलना भेट देतात, एक कुस्ती बघतात, आणि ज्याने जन्मात कुस्ती पाहिलेली नाही अशा एका माणसाला विचारतात की कोण जिंकलं आणि का. तेवढ्यावर अहवाल. नात्यातला चालेल, जाणकार नको. शेजारच्या हॉलने आपल्या जुन्या पैलवानाला ‘हे आमचे शिंपी’ म्हणून बसवलं. त्याने डावांची नावं घडाघडा म्हटली आणि पितळ उघडं पडलं.

आम्ही इथे रंगीत तालीम केली. दूधवाल्याला बसवलं. तो म्हणाला, जाडी जिंकली. दोघीही एकाच वजनाच्या होत्या. मग पोस्टमनला बसवलं, तो झोपला. ताई, कुस्तीच्या घरात राहून कुस्ती न पाहिलेली अशी एकच बाई आहे, आणि ती तू. ये. मी तुला एक नियमही सांगणार नाही, चिमणीची शपथ. एवढंच सांगतो की आपली चिमणी लाल पोशाखात असेल आणि समोरची पाहुणी निळ्या. नाहीतर दोघी सारख्याच दिसतात, कानाडोक्यावर टोपी असते.

येतेस ना? नाही म्हणालीस तर मी दुकानासमोर येऊन बसेन, आणि माझं पोट पाहून तुझं गिऱ्हाईक आत शिरणार नाही.

तुझा लोटांगण घातलेला
गोट्या

२६ जून

चि. गोट्यास,
अ. आ. ऊठ आता, कपडे मळतील.

येते. पण कान उघडे ठेवून ऐक, असतील तेवढे. मी खरं तेच सांगणार. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ असं त्या छत्रीवाल्यांना तोंडावर सांगेन, आणि मला काही कळणार नाही याची मला खात्री आहे. मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस. चिमणीलाही सांगून ठेव की आई शत्रुपक्षाची म्हणून येत आहे.

लांबचा चष्मा आणणार नाही, त्यावरून हॉलमध्ये तोंड टाकू नकोस. चष्मेवालीच चष्मा लावून बसली तर लोक म्हणतात, हिलाच दिसत नाही, ही आमचं काय बघणार. तुझ्या गावातही माझं गिऱ्हाईक आहे. माणसांएवढी माणसं दिसायला मला काच लागत नाही.

मला वरच्या बाकावर बसव, दाराजवळ. मधेच उठून जावं लागलं तर बरं. माया आहेच, ती तुझ्या हॉलच्या वासानेही उडायची नाही.

तुझी ताई

९ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. तू न भेटताच गेलीस, म्हणून नमस्कार पोस्टाने.

मामा तीन दिवस माझ्यासमोर यायला घाबरतोय. चूक त्याची आहे. पाहुणी मुलगी पिशवीत फक्त लाल पोशाख घेऊन आली होती, म्हणून ऐनवेळी मी निळा चढवला. तुला वर जाऊन सांगायचं काम मामाने स्वतःकडे घेतलं, आणि छत्रीवाल्यांना चहा देण्याच्या नादात विसरला.

आई, मी तुझा आवाज ओळखते. गादीवर असताना मला कुणाचंच ऐकू येत नाही, पण तू ऐकू आलीस. ‘लाल, सोडू नकोस! पाड त्या निळीला!’ मी त्या बिचारीचा पाय धरला तर तू मला ‘मेली’ म्हणालीस. मी हसू दाबताना एक गुण गमावला. तुला शत्रुपक्ष म्हणून यायचं होतं, पण इतकं?

नंतर तू छत्रीवाल्यांना काय सांगितलंस ते मामाने खांबाआडून ऐकलं. निळीने लालला वर्तुळाबाहेर ढकललं, त्याचा एक. मग तिची पाठ जमिनीकडे फिरवली, त्याचे दोन. मग दोन्ही खांदे टेकवले आणि तिथे सगळं संपलं. ते बघायला शिट्टीही लागत नाही, असं तू रागारागाने म्हणालीस म्हणे. मामा म्हणतो, इतकं स्वच्छ त्यालाही सांगता येत नाही. मग पाहुण्यांनी तुला शेवटचं काहीतरी विचारलं, पण तेवढ्यात मामाला शिंक आली आणि त्याला पळावं लागलं.

आणि मी टोपी काढून वर पाहिलं तेव्हा तू जिन्याकडे निघाली होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि तरी थांबली नाहीस. मला हसू येत होतं ते तिथे थांबलं. तू रागावली आहेस का? मला ऑलिंपिकला जायचं आहे, आई, याहून जास्त मला काहीच नको आहे. पण शब्द दिलाय तो दिलाय. सप्टेंबरात कुस्ती गेली तर मी येईन, तपासणीच्या खोलीत बसेन, कुरकुर करणार नाही. एवढंच सांग, तसंच करायचं ना?

तुझा राग असेल तोही पाठव, पण पत्र पाठव.

तुझी चिमणी

१४ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, आणि जी शिवी दिली ती परत घेते. तुला म्हणून नव्हती, त्या निळीला होती. आता निस्तर.

रागावले नव्हते गं. लाजेने पळाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच. बसमध्ये बसेपर्यंत हुंदके येत होते आणि कंडक्टरला वाटलं माझं पाकीट मारलं.

खरं सांगते, सुरुवातीला मी डोळे मिटूनच बसणार होते. पण लाल माझी म्हणून तिच्यावरून नजर निघेना, आणि तिच्याकडे बघता बघता त्या निळीकडेच बघायला लागले. ती पुढे सरकायची तेव्हा मला वाटायचं, या पोरीला कुणी ढकलत आणलेलं नाही, ही आपल्या घरी असल्यासारखी आहे. मला तिचा हेवा वाटला. वाटलं, माझी चिमणी अशी नाही, तिला घेऊन जाते आता, बरंच झालं, आणि लालसाठी घसा फाडत राहिले. तुझ्या मामाला हे वाचून दाखवू नकोस, तो पंधरा दिवस मिशांना पीळ देत फिरेल.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. सप्टेंबरात समितीने काय करायचं ते करो. कुस्ती ठेवली तर जा आणि जिंक, मी चष्मा लावून पहिल्या बाकावर बसेन. काढून टाकली तर जगात इतर स्पर्धा मेल्या नाहीत, त्या खेळ. तुझा शब्द मी तुला परत देते. तपासणीच्या खोलीसाठी मी हाताखाली माणूस ठेवतेय, जाहिरात आज लिहिली.

पाहुण्यांनी शेवटी काय विचारलं ते मामाच्या शिंकेत गेलं, ते मीच सांगते. त्यांनी विचारलं, बाई, तुमच्या मते हा खेळ ऑलिंपिकमध्ये राहावा का? मी म्हटलं, ऑलिंपिकचं तुमचं तुम्ही बघा. पण त्या निळ्या पोरीची आई जर तिला इथून घरी बोलावत असेल, तर तिला माझ्या दुकानात पाठवून द्या, बाईला दिसत नाहीये. मी हे बोलले, आणि तू टोपी काढलीस.

माया आहे ती तशीच आहे, तू कुठल्याही रंगात अस.

तुझी
आई