समुद्राच्या तोंडचा घास

४ सप्टेंबर १९५३
पोचले बाई एकदाची! ग्लासगोचं ते कोंदट इस्पितळ सुटलं. ग्रुनासे बेटाची नवी नर्स आता मी, मॉर्वेन. धक्क्यावर अख्खं गाव हजर. घरमालकीण एफी म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, काडीपैलवान आहेस गं, वारा सुटला की दाराला धरून चाल. तिचा एकुलता मुलगा टॉर्क्विल खेकडे धरतो. थट्टा केली की कानापर्यंत लाल होतो. जेवायला मटणाचं सार आणि बटाटे. मला आवडणार इथं.

११ सप्टेंबर
दोरात पाय अडकून टॉर्क्विल धक्क्यावरून पाण्यात गेला. काठावर सात-आठ बाप्ये उभे, पण एक हलेल तर शपथ! नुसत्या टोप्या काढून हातात धरलेल्या. मीच शिव्या घालत उडी टाकली आणि केसांना धरून त्याला ओढून आणलं. वाचला. शाबास कुणी म्हणालं नाही. एफीने त्याला कवटाळलं, मग माझ्याकडे बघून हमसाहमशी रडली.

१३ सप्टेंबर
शेजारणी केक आणून ठेवतात, काळ्या कपड्यांत मुकाट बसतात. वैतागून विचारलं, अहो, मेलंय कोण? शेवटी एफी बोलली. समुद्राच्या तोंडचा घास काढला की त्याला घास द्यावाच लागतो. ज्याला वाचवलं तो, नाहीतर ज्याने वाचवलं तो. तिच्या नवऱ्याने आपल्या भावाला असंच पाण्यातून काढलं होतं. महिनाभरात नवरा गेला. भाऊ अजून मेंढ्या राखतो. मी हसले. ती हसली नाही.

१६ सप्टेंबर
घाबरलेय, खोटं कशाला सांगू. बॅग घेऊन बोटीकडे पळाले. कप्तानाने चढू दिलं नाही. तू असलीस तर बाकीचे कसे पोचतील, म्हणाला. उतारू माझ्याकडे बघेनात. इथून जायचं म्हणजे पाण्यावरूनच —

१७ सप्टेंबर
टॉर्क्विल आला. आपल्या होडीतून गुपचूप पोचवतो म्हणाला, तू जीव वाचवलास, एवढं तरी करू दे. देवासारखा धावला पोरगा!

निघताना एफीने दारातच माझा मुका घेतला. तिला कुणी सांगितलं?

होडीत. पाण्याकडे बघायला नको म्हणून लिहितेय. बेट दिसेनासं झालं.

इंजिन बंद केलं त्याने. का, ते सांगत नाही. रडतोय —

टोपी काढून हातात धरलीय. म्हणतो, आईला मी एकटाच —