जहाजावरचा कुठला डॉक्टर पटला

३ नोव्हें., सोम.

नितीन आज परत खाली आला. हिंजवडीचा ट्रॅफिक फोडून घरी आला की हा सरळ वरच्या मजल्यावर जातो. आज चपलासुद्धा आमच्याच दारात काढल्या. वर भिंतीएवढा टीव्ही असताना आमच्या जुन्या टीव्हीला वायर जोडत बसला. म्हणे, "अण्णा, एक मालिका दाखवायचीय तुम्हाला. अंतराळातली. आपण रोज थोडी थोडी बघू."

लग्न झाल्यापासून हा मुलगा बापाशेजारी धड दहा मिनिटं बसलेला नाही. काहीतरी हवंय. बहुतेक ओढ्याकडचं खाचर. बिल्डरचा माणूस गेल्या महिन्यात दोनदा वर जाऊन चहा पिऊन आला, मला न भेटता. सही पाहिजे असली की माणूस गोड होतो. कंपनीच्या स्टोअरला जन्म गेला माझा, तिथे दुसरं काय पाहिलं.

मालिका हिंदीत केलेली आहे. जहाज, पण पाण्यातलं नव्हे. मंदाही वाटाणे सोलत बसली. एरवी टीव्ही लावला की बायकोला झोप येते. आज शेवटपर्यंत जागी.

५ नोव्हें., बुध.

भात झोडून झालं. इंद्रायणी यंदा बरी उतरली. पाणी अजून टँकरचंच.

संध्याकाळी परत मालिका. नि. म्हणतो अशा चार मालिका आहेत, चार जहाजं, प्रत्येकावर वेगळा डॉक्टर. पहिल्या जहाजावर डॉ. ओरन. पांढरी दाढी, पोट सुटलेलं, पेशंटला विनोद सांगतो. एक बाई मरायला टेकली होती, तिला म्हणाला, पुढच्या ग्रहावर तुला जेवायला नेतो. बाई हसत गेली.

भाग संपल्यावर नि. म्हणाला, "डॉक्टर कसा वाटला?"

तासभर लढाई झाली, अर्धं जहाज जळालं, कप्तानाला कैद झाली. त्यातलं काही नाही. डॉक्टर कसा वाटला.

मी म्हटलं, गोड बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो. आणि एवढी औषधं वाटतो, तर साठा कोण बघतं? एकदाही कोणी नोंद केलेली दाखवली नाही. असल्या जहाजावर मी चढणार नाही.

नि.ने मंदाकडे बघितलं. मंदाने वाटाण्याकडे.

८ नोव्हें., शनि.

दुसरं जहाज. डॉ. केया. उंच, केस कापलेले. एका शिपायाला तोंडावर म्हणाली, तुझे पाय परत येणार नाहीत. आणि गेली पुढच्या खाटेकडे.

"ही कशी वाटली?" या खेपेला सूनबाई. प्राचीही आता खाली येऊन बसायला लागलीय. कोथरूडची मुलगी, जमिनीवर बसायची सवय नाही, तरी बसते.

"फटकळ आहे. पाणी तरी विचारावं माणसाला."

मंदा म्हणाली, "पन खोटं तर न्हाई बोलत."

मी म्हटलं, खरं बोलूनही हात झटकता येतात.

टीव्ही बंद करून तिघंही बसून राहिली. माझं बोलणं यांनी एवढं मनावर घेतलेलं मला आठवत नाही.

आणखी एक. दिवाळीनंतर नि.च्या कंपनीतर्फे आम्हा दोघांची सगळी तपासणी झाली. रक्त, पोटाची सोनोग्राफी, छातीची पट्टी. विचारलं तर म्हणतो, "सगळं ओके आहे अण्णा, तुमची शुगर बॉर्डरला आहे फक्त." दाखव म्हटलं तर मोबाईलमध्ये आहे म्हणे. मग मोबाईल दाखव ना.

९ नोव्हें., रवि.

किसन धनगर मेंढ्या घेऊन आला. खतासाठी दोन रात्री खाचरात बसवायच्या ठरल्या. वर कोपऱ्यात त्याने जाळी ताणली, मी बांधावर उभा. बोलता बोलता म्हणाला,

"वैनी सूसच्या नाक्याला दिसल्या की परवा. सूनबाई गाडी चालवीत व्हती. म्या हात केला, पन त्यांचं ध्यान नव्हतं. डोळं पुसत व्हत्या."

परवा मंदा गुडघ्याचं मलम आणायला पिरंगुटला गेली होती. प्रा.च्या गाडीतून. सूस पिरंगुटच्या वाटेवर येत नाही.

घरी येऊन विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

१२ नोव्हें., बुध.

तीन दिवस विचार केला. खाचराचा संबंध नाही. जमिनीसाठी मंदा रडणार नाही, तिचा त्या खाचरावर आधीपासून राग आहे.

म्हणजे रिपोर्ट. मंदा रडते, नि. माझ्याजवळ येऊन बसतो, प्रा. मला भाकरी गरम वाढते. रिपोर्ट माझा आहे. मला काहीतरी झालंय आणि या तिघांना ठाऊक आहे.

आणि डॉक्टर कसा वाटला, हे त्याचसाठी. ओरन लपवून ठेवतो. केया तोंडावर सांगते. मला कसं सांगायचं ते ठरवतायत. मी ज्याला बरा म्हणेन त्याच्या पद्धतीने मला सांगणार. शाबास. कल्पना प्रा.ची असणार, नि.ला एवढं डोकं नाही.

छातीत डाव्या बाजूला जरा भरल्यासारखं वाटतं. आधी वाटत नव्हतं.

आज तिसरं जहाज. तिथे जुळे भाऊ डॉक्टर, एक दिवसपाळीला एक रात्रपाळीला. पेशंटला वाटतं एकच. मी म्हटलं, हे सगळ्यात वाईट. चूक झाली की दुसऱ्या पाळीवर ढकलायची. आमच्या कंपनीत हेच चालायचं.

नि. म्हणाला, "अण्णा, तुम्हाला एकही आवडला नाही का?"

नाही म्हटलं. आणि आवडणारही नाही. जोवर आवडता डॉक्टर नाही तोवर हे सांगणार नाहीत, आणि सांगत नाहीत तोवर मला काही झालेलं नाही. हा मार्ग बरा आहे.

१५ नोव्हें., शनि.

चौथं जहाज. डॉ. बेनू. कोवळं पोरगं, निळसर चेहरा, कान नाहीत. एका लहान मुलीचं अंग थंड पडत चाललेलं. तिची आई विचारते काय झालंय. हा म्हणतो, "मला माहीत नाही. विचारून सांगतो."

मला हसू आलं. माहीत नाही तर तुला घेतला कशाला जहाजावर? मंदा म्हणाली, "गप बघा की जरा."

मग हा दुसऱ्या जहाजांना निरोप पाठवत बसला. उत्तर येईपर्यंत मुलीच्या खाटेजवळच. आई परत विचारते, हा परत तेच. अजून माहीत नाही. मुलगी वाचली की नाही ते पुढच्या भागात आहे. नि.ने मुद्दाम तिथेच थांबवलं.

"हा कसा वाटला?"

"कच्चा आहे," म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.

बेनू डोक्यातून जात नाही. स्टोअरला एखादा आयटम विचारला की ताबडतोब आकडा सांगणारी पोरं असायची. मोजायला गेलं की कमी भरायचा. जो म्हणायचा थांबा साहेब, बघून सांगतो, त्याने लावलेलं कुलूप मी कधी ओढून बघितलं नाही.

कान नसलेल्या माणसावर विश्वास बसला माझा. पण घरात बोलणार नाही. बोललो की लगेच सांगून मोकळे होतील.

भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही. मंदाचं पुढे कसं होणार, तिला बँकेतलं काही कळत नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

आज सापळा लावला. प्रा. एकटी होती. सहज म्हटलं, "माझा रिपोर्ट पाहिला मी."

ती म्हणाली, "बरं झालं अण्णा. आता चहातली साखर खरंच कमी करा." आणि कपडे वाळत घालायला गेली. चेहऱ्यावर काही नाही.

मुलगी एवढी पक्की असेल असं वाटलं नव्हतं. की खरंच नुसती साखर आहे? मग मंदा का रडते?

१९ नोव्हें., बुध.

सकाळी चहा घेताना मंदाला तेच म्हटलं. "रिपोर्ट पाहिला मी."

तिचा हात कपाजवळ थांबला. म्हणाली, "कुनाचा?"

छातीतलं भरलेलं एकदम गेलं. तिथे दुसरंच काही येऊन बसलं.

पुढचं आज लिहवत नाही.

२० नोव्हें., गुरु.

मंदाच्या ओटीपोटात गाठ आहे. सोनोग्राफीत दिसली. ऑपरेशन करावंच लागेल, दोन डॉक्टरांना दाखवून झालंय. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिनेच नि.ला रिपोर्ट वाचायला लावला. माहीत नव्हतं ते फक्त मला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. तीनदा म्हटलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी? डॉक्टरलाच उभं-आडवं घेतलं असतं. लुटायला बसल्यात म्हनाला असता आन मला घेऊन घरी आला असता. दाताच्या येळी काय केलंत? अर्धा दात कोरलेला, आन तुमी तितं भांडून मला खुर्चीवरनं उठवलीत. अजून त्या बाजूनं चावत न्हाई मी."

तो डॉक्टर शेजारचाच दात बघत होता, याची मला आजही खात्री आहे. पण आज तो विषय नव्हता.

मालिका तिच्या डोक्यातून निघाली. प्रा.ने एकदा तिला दाखवली होती. "म्हनलं बघू तरी, टीव्हीतला का हुईना, एक तरी डॉक्टर ह्यांना पटतोय का. ज्यो पटंल तसला बघू. तुमी पाठीशी नसला तर मी न्हाई जायाची टेबलावर. हे नितीनलाबी सांगितलंय."

पंधरा-वीस दिवस ही बाई पोटात गाठ घेऊन माझी तोंडं बघत बसली. मी एकेकाला नापास करत होतो आणि तिला वाटत असणार, झालं, आता कोणी उरला नाही. मला फार लाज वाटली. रागही आला, तिचाच. इतकी वर्षं एका ताटात जेवतो.

रडलो. दारात भाडेकरू पोरगा पाण्याचं विचारायला उभा होता, तसाच परत गेला.

२१ नोव्हें., शुक्र.

सकाळी वर जाऊन नि.ला म्हटलं, बेनू.

तो म्हणाला, "नक्की? तुम्ही तर कच्चा म्हणालात."

"म्हणालो. तोच."

त्याने प्रा.कडे बघितलं. मंदाला दाखवलेल्या दोन डॉक्टरांत एक बाई आहेत, तरुण आहेत, त्या अशाच बोलतात म्हणे. दुसरे मोठे डॉक्टर, नाव आहे, एकदम खात्री देतात. नि.चा कल त्यांच्याकडे होता. मी म्हटलं, खात्री देणारा नको. बाईंकडे जाऊ.

मंदाने रात्रीच्या भाकरीला हात लावला, दोन दिवसांनी.

२५ नोव्हें., मंगळ.

पुण्यात जाऊन आलो. चांदणी चौकात तासभर अडकलो.

बाई खरंच लहान दिसतात. मी घरून प्रश्न पाठ करून गेलो होतो. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की हाताखालचे? पाळी बदलली तर जबाबदार कोण? औषधं तपासून कोण देतं? मंदाला रक्त तपासायला आत नेलं आणि मी बाईंसमोर एकटा बसलो, तर त्यातला एकही आठवेना.

म्हटलं, "ती बरी होईल ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, आत्ता मला माहीत नाही. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायला पाठवतो. ती कशी आहे ते तेव्हा कळेल. तोवर मी काही सांगितलं तर ते अंदाजानं असेल."

मला हेच हवं होतं ना. मीच निवडलं. सगळ्यांना डावलून निवडलं. आणि त्या खुर्चीत बसून मला तो पांढऱ्या दाढीचा ओरन पाहिजे होता. कोणीतरी म्हणावं, काका, काही नाही हो, पुढच्या महिन्यात जेवायला येतो तुमच्याकडे. खोटं का असेना. मी जवळजवळ म्हणालोच, काहीतरी सांगा ना.

त्यांनी पाणी विचारलं. प्यायलो.

२७ नोव्हें., गुरु.

उद्या ॲडमिट. परवा सकाळी ऑपरेशन. मंदाने पिशवी भरली. दोन गाऊन, पंचा, तिचा चष्मा. मालिकेचा पुढचा भाग लावू का म्हणून नि.ने विचारलं. ती नको म्हणाली. त्या मुलीचं काय झालं ते नि.ला ठाऊक आहे, पण मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. समोरून डंपर चाललेले, सगळी धूळ. मंदा म्हणाली, "बरी हुईन का वो मी?"

मी म्हटलं, "होशील की. त्यात काय. बरी झालीस की पहिल्यांदा माझ्याशी भांडशील." हसलोही.

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या नजरेने तिने माझ्याकडे कधी बघितलं नाही. घरात असं संशयाने बघायची पाळी माझी असायची.

"मी आत गेल्यावर बाई काय म्हनाली तुमाला?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"अगं, माहीत नाही म्हणाल्या. एवढंच."

"मग तुमाला कसं म्हाईत?"

देवाशपथ एवढंच म्हणाल्या, असं दोनदा सांगितलं. तिला पटलेलं नाही. आत जाऊन प्रा.ला विचारतेय, बाई खरंच काय म्हनाली ह्यांना, दाराआडून ऐकू येतंय.